‘अजून ठरवले नाही’ : नौपाड्यातील एका फोटो स्टुडिओविषयी

गेल्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, कोणत्याही सरकारी किंवा बँकेच्या कागदाची गरज नसताना मी पहिल्यांदा पैसे देऊन स्वतःचा फोटो काढून घेतला. ज्या दिवाळी अंकाची मुद्रिते मी गेली ११ वर्षे तपासते, त्या अंकाच्या संपादकांनी यंदा पडद्यामागच्या माणसांवर दोन पाने करायची ठरवली आणि अक्षरजुळणी करणारे गृहस्थ, मुखपृष्ठाची चित्रकार यांच्याबरोबर माझाही फोटो मागितला. मी सवयीने नाही म्हटले. माझ्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूला, जबड्यापासून गळ्यापर्यंत आणि पुढे दंडावर, भाजल्याचे व्रण आहेत. १९९६ साली रॉकेलच्या स्टोव्हचा भडका उडाला, तेव्हाचे ते आहेत. त्यानंतर कॅमेरा समोर आला की डावी बाजू भिंतीकडे करून उभे राहायचे, हे माझ्या अंगवळणी पडले, आणि घरातल्या लग्नांच्या अल्बममध्ये मी बहुतेक ठिकाणी अर्धीच सापडते.

मराठी ग्रंथसंग्रहालयात नेहमी भेटणारी माझी एक मैत्रीण समुपदेशनाचे काम करते. तिने ठाण्याच्या नौपाड्यातल्या या स्टुडिओचा फोन क्रमांक दिला आणि म्हणाली, “फोटो काढू नकोस, नुसती जाऊन बसून ये. तेवढ्याचे ते पैसे घेत नाहीत.” मला ते जाहिरातीसारखे वाटले होते, पण ते शब्दशः खरे निघाले. पहिली अर्ध्या तासाची भेट विनामूल्य असते आणि त्या भेटीत कॅमेरा खोलीत आणलाच जात नाही.

या लेखात स्टुडिओचे नाव आणि पत्ता नाही, याचे कारण आधीच सांगते. येथे येणाऱ्यांमध्ये घर सोडून आलेल्या, कोणीतरी मागावर असलेल्या स्त्रियाही असतात. त्यामुळे पत्ता कोठेही छापला जाऊ नये, अशी स्टुडिओ चालवणाऱ्या बाईंची विनंती असते. वेळ ठरल्यानंतर तो फोनवर सांगितला जातो, आणि इमारतीच्या खाली पाटी नाही. नाव न देता परीक्षण लिहिण्यात काय अर्थ, असे कोणी विचारले तर तो प्रश्न रास्त आहे. परंतु येथे मला जे मिळाले त्यातले बरेचसे कोणत्याही फोटोवाल्याकडे मागता येण्यासारखे आहे. काय मागायचे हेच मुळात मला ५३ वर्षे ठाऊक नव्हते, म्हणून तपशिलात लिहीत आहे.

पहिला फोन सुमारे १० मिनिटांचा झाला. बाईंनी मला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, बरोबर कोणी येणार आहे का, मोठा प्रकाश, आवाज किंवा एखादा वास यांपैकी कशाचा त्रास होतो का आणि फोटो कोठे वापरायचा आहे, एवढेच विचारले. ‘काय झाले होते’ हा प्रश्न त्या फोनवर आला नाही, नंतरच्या दोन्ही भेटींतही आला नाही. याचे महत्त्व कळण्यासाठी आपल्याकडे भाजलेल्या बाईकडे कसे पाहिले जाते ते माहीत असावे लागते. व्रण दिसला की समोरच्याच्या मनात सासर, हुंडा आणि पेटवून देणे ही गोष्ट आपोआप तयार होते. माझे तेव्हा लग्नही झालेले नव्हते, तरीही हॉस्पिटलात जबाब घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांनी मला ‘खरे काय ते’ तीन वेळा विचारले होते. त्यांचे ते कर्तव्य होते आणि अनेकींच्या बाबतीत त्यांचा संशय खराही ठरतो, हे मला मान्य आहे. पण त्यानंतरच्या जवळजवळ ३० वर्षांत रिक्षात, लग्नात, वाण्याच्या दुकानात अनोळखी माणसांनी तोच प्रश्न विचारावा, हे त्यांचे कर्तव्य नव्हते.

बाईंना मी नंतर याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांच्या कामासाठी कारण माहीत असण्याची गरजच पडत नाही. काय टाळायचे एवढे कळले की पुरते. ही पद्धत त्यांनी स्वतः शोधलेली नाही. अमेरिकेच्या सरकारी मानसिक आरोग्य यंत्रणेने, ‘साम्सा’ने, २०१४ मध्ये ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ काम, म्हणजे समोरच्याच्या मनावरच्या आघाताचे भान ठेवून केलेले काम, कसे असावे याची मांडणी प्रसिद्ध केली. तिच्यात सुरक्षितता, विश्वास आणि पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, व्यक्तीचा आवाज व निवड, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान अशी सहा तत्त्वे सांगितलेली आहेत. ती मांडणी आरोग्य आणि समाजसेवेच्या कामासाठी होती, फोटोवाल्यांसाठी नव्हती. बाईंनी त्यातून उचललेली मुख्य गोष्ट अशी की, दाराशी आलेल्या प्रत्येकाच्या पाठीशी काहीतरी असू शकते असे धरून चालायचे, म्हणजे ते कोणाला सांगावे लागत नाही. त्यांच्याकडे नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला येणाऱ्या तरुण मुलांनाही हेच प्रश्न विचारले जातात. या पद्धतीला मराठी शब्द काय, यावर आमची बरीच चर्चा झाली. मी ‘आघातभान’ सुचवला. त्यांच्या मदतनीस मुलाला तो शब्द वर्तमानपत्री वाटला, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटतो.

आता तक्रार. स्टुडिओ जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही आणि जिना अरुंद आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ॲसिड हल्ल्यातील पीडितांना दिव्यांगांमध्ये समाविष्ट केले आहे. भाजलेल्या अनेकांचे गुडघे किंवा घोटे कातडी आखडल्यामुळे पूर्ण वळत नाहीत. अशा माणसांसाठी आपण काम करतो असे म्हणणाऱ्यांनी तिसरा मजला निवडावा, हे मला पटलेले नाही. भाडे परवडत नाही, हे त्यांचे उत्तर मी समजू शकते, कारण ठाण्यात तळमजल्याचे गाळे काय भावाने जातात ते सर्वांना ठाऊक आहे. घरी येऊन फोटो काढण्याची सोय आहे, पण तिचे १,५०० रुपये वेगळे पडतात, आणि ज्याला जिना चढता येत नाही त्यानेच जास्त पैसे का द्यावेत, हा प्रश्न मी त्यांच्या वहीत लिहून आले आहे.

खोली साधी आहे. भिंतींवर एकही फोटो नाही, ही त्या खोलीतली माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट. गोखले रस्त्यावरच्या कोणत्याही फोटोच्या दुकानात काचेमागे नवरा-नवरी, बारशाची बाळे, पदवीची टोपी घातलेली मुले ओळीने लावलेली असतात, आणि त्यांतल्या किती जणांना ‘तुमचा फोटो काचेत लावू का’ असे विचारलेले असते, याचा मी तोवर कधी विचारही केला नव्हता. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत टिपलेला हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो १९८५ च्या जूनमध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर गेला. तिचे नाव शरबत गुला आहे, हे जगाला २००२ मध्ये कळले. बाईंनी हे उदाहरण दिले ते कोणाला दोष देण्यासाठी नाही. आपला एखादा फोटो कधी इतका नावाजला तर त्यातल्या माणसाला तो दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढ्यासाठी त्यांनी भिंती मोकळ्या ठेवल्या आहेत.

बसायची खुर्ची अशी ठेवलेली आहे की बसलेल्याला दार समोर दिसते आणि कॅमेरा दाराच्या वाटेत येत नाही. खोलीला कडी आतून लावत नाहीत. दुसऱ्या भेटीत, म्हणजे प्रत्यक्ष फोटोच्या दिवशी, आधी २० मिनिटे अर्ज वाचण्यात गेली, आणि या अर्जाबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण वाचणे हा माझा धंदा आहे.

संमतीपत्र म्हणजे शेवटच्या पानावर बोट ठेवून ‘इथे सही करा’ असे सांगण्याचा कागद, हा माझा आजवरचा अनुभव होता. तेही बरेच म्हणायचे. १९९६ मध्ये हॉस्पिटलात ड्रेसिंग बदलताना विद्यार्थ्यांच्या घोळक्यातून कोणीतरी कॅमेरा काढला आणि माझे सात-आठ फोटो घेतले, तेव्हा तेवढेही झाले नव्हते. ते फोटो कोणत्या वर्गात पडद्यावर दाखवले गेले, कोणत्या कपाटात पडून आहेत, मला माहीत नाही आणि आता कळण्याचा मार्गही नाही. येथला अर्ज चार पानांचा आहे आणि त्यात प्रत्येक वापरासाठी वेगळी ओळ आहे: स्वतःजवळ ठेवण्यासाठी, नातेवाइकांना देण्यासाठी, छापील अंकासाठी, इंटरनेटवर टाकण्यासाठी, स्टुडिओच्या कामाचा नमुना म्हणून दाखवण्यासाठी, प्रशिक्षणासाठी. प्रत्येक ओळीसमोर तीन चौकटी आहेत: ‘होय’, ‘नाही’ आणि ‘अजून ठरवले नाही’. तिसऱ्या चौकटीचा अर्थ काम करताना ‘नाही’ असाच धरला जातो, असे खाली लिहिलेले आहे. एका ओळीत ‘होय’ म्हटले नाही तर दुसरे काही मिळणार नाही, असे कोठेही नाही. स्टुडिओच्या नमुन्यासाठी मी ‘नाही’वर खूण केली, तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर काही उमटते का ते मी बघत होते. त्या पुढचे पान उलटण्याची वाट बघत होत्या.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळी, विशिष्ट, पूर्ण माहितीनिशी दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे असेही म्हटले आहे. अर्जाचा सांगाडा त्यावरूनच बेतला आहे, हे बाईंनी सांगितले. त्याच कायद्यानुसार संमतीपूर्वीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागते. मराठी अर्ज त्यांच्याकडे होता खरा, परंतु त्याचे मराठी म्हणजे इंग्रजी वाक्यांवर घातलेली नऊवारी होती. ‘मी याद्वारे माझी प्रतिमा ग्रहण करण्यास अनुमती प्रदान करते’ हे वाक्य चौथी शिकलेल्या बाईपुढे ठेवून तिची माहितीपूर्ण संमती कशी मिळणार? मी पिशवीतले लाल पेन काढले. चार पानांत १९ दुरुस्त्या निघाल्या आणि ते वाक्य ‘माझा फोटो काढायला माझी हरकत नाही’ असे झाले. दोन आठवड्यांनी त्यांनी नवा छापलेला अर्ज पुन्हा वाचायला पाठवला, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

अर्जातील आणखी दोन मुद्दे मला नवे होते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, एखाद्याने मोबदला देऊन स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या स्वामित्वहक्काची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची असते. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत वेगळा करार छापलेला असला की ही मालकी गुपचूप दुकानदाराकडे राहू शकते, म्हणून पावतीची मागची बाजू वाचत जावी. या स्टुडिओच्या अर्जात मालकी तुमचीच राहील, असे मोठ्या अक्षरांत आहे. दुसरा मुद्दा ओळख लपवण्याचा. भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करायला मनाई करते, प्रौढ पीडितेची स्वतःची लेखी परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. आणि मुलांच्या बाबतीत २०१२च्या पॉक्सो कायद्याचे कलम २३ प्रसारमाध्यमांना फोटो किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देण्यापासून रोखते. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की काम झाले, असा एक समज आहे. बाईंच्या म्हणण्याप्रमाणे माणूस डोळ्यांपेक्षा साडीच्या काठावरून, गळ्यातल्या पोतीवरून आणि मागच्या दुकानाच्या पाटीवरून लवकर ओळखला जातो, आणि म्हणून त्या अशा वेळी नुसते हात, पाठमोरी आकृती किंवा पडद्यामागची सावली घेतात व मागे कोरा कपडा सोडतात. फोनने काढलेल्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदलेले असू शकतात. ते पुसूनच फाईल दिली जाते.

प्रकाशाबद्दल मला सर्वांत जास्त धास्ती होती. फ्लॅशचा फटकन उडणारा पांढरा उजेड आणि स्टोव्हचा भडका यांतला फरक माझ्या बुद्धीला समजतो, पाठीच्या कण्याला समजत नाही. हे मी फोनवर एका वाक्यात सांगितले होते. त्या दिवशी खोलीत फ्लॅश नव्हताच. आमच्या लहानपणीच्या स्टुडिओत हॅलोजनचे दिवे असत आणि त्यांच्यासमोर पाच मिनिटे बसले की घाम फुटे. खोल भाजलेल्या कातडीतल्या घामाच्या ग्रंथी नष्ट झालेल्या असतात, त्यामुळे माझ्या गळ्याच्या डाव्या बाजूला घाम येत नाही आणि उष्णता नुसती कोंडते. येथे एलईडीचे स्थिर दिवे वापरतात. ते तितके तापत नाहीत, आणि मी बसण्यापूर्वी ते मंद ठेवून माझ्या सांगण्यावरून हळूहळू वाढवले गेले. कॅमेऱ्याचा आवाजही बंद ठेवता येतो, हे मला माहीत नव्हते. बाईंनी आवाजासह आणि आवाजाशिवाय असे दोन्ही प्रकार दाखवले. मी आवाज चालू ठेवायला सांगितले, कारण फोटो कधी निघाला हे मला कळायला हवे होते.

व्रणांवरचा प्रकाश हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि येथे मला कारागिरी दिसली. व्रणाची कातडी गुळगुळीत आणि ताणलेली असल्यामुळे लहान, थेट दिव्याखाली ती चकाकते. दिवा बाजूने लावला तर प्रत्येक उंचवट्याची सावली पडते आणि चेहरा नकाशासारखा दिसू लागतो. समोरून, थोड्या उंचीवरून, मोठ्या पांढऱ्या कापडातून गाळून आलेल्या प्रकाशात व्रण दिसतो, पण आधी तोच दिसतो असे होत नाही. बाईंनी हे तिन्ही प्रकार आधी त्यांच्या स्वतःच्या कोपरावरच्या जुन्या खुणेवर दाखवले आणि मग मला निवडायला सांगितले. मी तिसरा निवडला. शेवटी मात्र मीच दुसरा प्रकार एकदा करून बघू या म्हणाले, आणि का म्हणाले ते मला अजून नीट सांगता येत नाही.

कॅमेरा माझ्यापासून सुमारे दोन मीटरवर होता आणि त्याला ८५ मिलिमीटरची लेन्स होती. फोनने जवळून फोटो काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. लांबून काढला की चेहऱ्याची प्रमाणे बिघडत नाहीत, आणि कोणी अंगाशी येत नाही, हा दुसरा लाभ. पडदा माझ्याकडे वळवलेला होता, त्यामुळे निघालेला प्रत्येक फोटो मला लगेच दिसत होता. पहिले तीन पाहून मी उठून जाणार होते. फोटोतली ती बाई मला माझ्यासारखी वाटेना. तेव्हा बाईंनी तोच फोटो उलटा, म्हणजे आरशातल्यासारखा करून दाखवला आणि मला ती ओळखू आली. आपण आयुष्यभर स्वतःला आरशात उलटे पाहत असतो. बहुतेकांना त्याचा फारसा फरक पडत नाही, पण ज्याच्या एकाच गालावर व्रण आहे त्याला फोटोतला व्रण चुकीच्या गालावर गेल्यासारखा वाटतो. इतकी वर्षे फोटोत मला जे खुपत होते त्यातले काही माझ्या व्रणाचे नसून आरशाचे होते, हे कळायला एवढी वर्षे का जावीत, याचा मला त्या खुर्चीत बसून थोडा रागच आला.

त्यानंतर त्यांनी रिमोटचे लहानसे बटण माझ्या हातात दिले. पुढची २० मिनिटे कॅमेरा मी बटण दाबले तेव्हाच चालला. थांबायचे असेल तर तळहात गुडघ्यावर उताणा ठेवायचा, बोलायची गरज नाही, अशी खूणही ठरलेली होती. ती मी दोनदा वापरली आणि दोन्ही वेळा बाई दिवा मंद करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

सगळेच असे सुरळीत झाले नाही. मध्ये एकदा मदतनीस मुलाने, बहुधा सवयीने, माझा खांद्यावरून सरकलेला पदर सारखा करायला हात पुढे केला. मी दचकून मागे झाले आणि खुर्चीचा पाय दिव्याच्या वायरीत अडकला. बाईंनी त्याला थांबवले. त्याने ‘ताई, माझे चुकले, विचारायला हवे होते’ एवढे म्हटले आणि तो दोन पावले मागे जाऊन उभा राहिला. माफीचा सोहळा झाला नाही, त्यामुळे मला त्याची समजूत घालत बसावे लागले नाही, ही त्यातली बरी बाजू. तरीही ‘विचारल्याशिवाय स्पर्श नाही’ हे ज्यांच्या अर्जाच्या पहिल्या पानावर आहे त्यांच्याकडून हे व्हायला नको होते.

दुसरी तक्रार उलट्या बाजूची आहे. विचारण्याचा अतिरेकही होतो. ‘ठीक आहे ना?’, ‘पुढे जाऊ या ना?’, ‘पाणी हवे का?’, ‘थांबायचे का?’ हे तासाभरात इतक्या वेळा झाले की मला मी आयसीयूतून आल्यासारखे वाटू लागले. मी तसे सांगितले, तेव्हा बाई हसल्या आणि पुढचा अर्धा तास आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांवर बोललो. माझा जो फोटो अंकात छापून आला तो त्या गप्पांतला आहे. ‘आणि’मधला ‘णि’ ऱ्हस्व का, हे मी त्यात मोठ्या आवेशाने समजावून सांगते आहे.

फोटो निवडताना व्रणांवर ‘काम’ करायचे का, हा प्रश्न आला, आणि येथे मला एक जुना किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी बँकेच्या केवायसीसाठी मी एका दुकानात पासपोर्ट साईजचे फोटो काढले. दुकानातल्या मुलाने पाकीट देताना अभिमानाने सांगितले, “काकू, सगळं साफ करून दिलंय.” खरोखरच माझी मान आणि जबडा संगमरवरासारखा झाला होता. बँकेतल्या कर्मचाऱ्याने फोटोकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि चेहरा जुळत नाही म्हणून दुसरा फोटो आणायला सांगितले. ओळखीसाठी काढलेल्या फोटोत ओळखच पुसून टाकण्याचा हा उद्योग त्या मुलाने चांगल्या भावनेने केला होता आणि त्याचे त्याने जादा पैसेही घेतले नव्हते. मुद्रितशोधनात आमचा एक साधा नियम असतो: लेखकाचा शब्द खटकला तर समासात प्रश्नचिन्ह करायचे, शब्द बदलायचा नाही. या स्टुडिओत तेच करतात. कायम राहणाऱ्या खुणांना हात लावत नाहीत. तुम्ही सांगितले तरच आणि सांगितले तेवढेच करतात, आणि मूळ फोटो शेजारी ठेवून दाखवतात. मी गळ्यावरची थोडी चकाकी कमी करून घेतली. व्रण तसाच आहे. माझ्या मैत्रिणीने तिचे डोळ्यांखालचे काळे काढायला लावले आणि त्याबद्दल तिला कोणी प्रवचन दिले नाही, हेही सांगते.

खर्च ४,५०० रुपये झाला. त्यात दोन तासांचा वेळ, निवडलेले पाच फोटो आणि ८ बाय १० इंचांची एक छापील प्रत येते. रक्कम कमी नाही. जी माणसे येथे यावीत असे मला वाटते त्यांच्यातल्या अनेकींचा तो अर्ध्या महिन्याचा पगार असेल. त्यांच्यासाठी महिन्यातून दोन दिवस जमेल तेवढे पैसे देण्याची सोय आहे, पण ती आपणहून सांगितली जात नाही, विचारावी लागते. ज्यांना विचारण्याचीच लाज वाटते त्यांच्यासाठी ती दाराशी लिहून ठेवायला हवी. फोटो १० दिवसांत देतो म्हणाले होते, १८ दिवस लागले, आणि अंकाची मुदत टळता टळता राहिली. फाईली पेन ड्राइव्हवर मिळाल्या. स्टुडिओकडची प्रत ९० दिवसांनी पुसली जाते. त्याआधी पुसायची असेल तर एक फोन पुरतो.

तो फोन मी केला. अंक छापायला जाण्यापूर्वी आठवडाभर आधी, निवडलेल्या पाचांपैकी एक फोटो मला नकोसा झाला. त्यात मी रडलेली नाही, वाईटही दिसत नाही. पण त्यात मी आईसारखी दिसते, हॉस्पिटलच्या खाटेशी बसलेल्या माझ्या आईसारखी, आणि तो कोठेही असू नये असे मला रात्री दोन वाजता वाटले. सकाळी फोनवर मी कारण सांगू लागले, तर बाईंनी कारणाची गरज नाही असे सांगून फोटोचा क्रमांक तेवढा विचारला. संध्याकाळी संदेश आला, त्यात कॅमेऱ्याच्या कार्डावरून, संगणकावरून आणि बॅकअपच्या डिस्कवरून तो पुसल्याची वेळ लिहिलेली होती, आणि माझ्या पेन ड्राइव्हवरची प्रत मलाच पुसावी लागेल, याची आठवणही. छापून बाहेर पडलेला फोटो मात्र परत घेता येत नाही, हे अर्जात स्पष्ट आहे. बाकीच्या स्टुडिओंनी निदान एवढे एक वाक्य तरी पावतीवर छापावे.

बाजूच्या प्रकाशात मीच हट्टाने काढलेला तो फोटो अजून आहे. त्यात जबड्यापासून गळ्यापर्यंतची प्रत्येक रेघ दिसते. त्याची छापील प्रत पाकिटात, शब्दकोशांच्या कपाटात ठेवली आहे. त्याच्यापुरती ९० दिवसांची मुदत मी वाढवून घेतली आणि अर्जावर त्याच्या क्रमांकासमोर सहाही ओळींत तिसऱ्या चौकटीवर खूण केली. त्याला आता चार महिने होऊन गेले. त्या फोटोबद्दल स्टुडिओतून अजून एकही फोन आलेला नाही.